ग्रुपमध्ये ‘लाइक’ ठेवायचं की नाही? – ॲडमिन आणि कार्यकारिणीसाठी माहितीपत्रक

सभासदांच्या चर्चेसाठी एखाद्या संस्थेला आम्ही ग्रुप सुरू करून दिला, की थोड्याच दिवसांत फोन येतो: लाइकचं बटण चालू करा. काही महिन्यांनी त्याच संस्थेतून दुसरा फोन येतो: ते बटण आधी बंद करा, वाद व्हायला लागलेत. दोन्ही मागण्यांत तथ्य असतं. तरी आमचा सल्ला ठरलेला आहे. बटण ठेवा, पण त्याच्या जोरावर निर्णय घेऊ नका.

बटण नसलं की लोक ‘सहमत’, ‘धन्यवाद’, ‘+१’ असं लिहितात. चांगल्या उत्तराखाली अशा मेसेजांची रांग लागली, की मूळ उत्तर शोधावं लागतं आणि दर मेसेजला सगळ्यांचे फोन वाजतात ते वेगळंच. शिवाय कुठल्याही ग्रुपमध्ये वाचणारे पुष्कळ, लिहिणारे मोजके. न लिहिणाऱ्याला ‘वाचलं, उपयोग झाला’ एवढं कळवायची सोय हवी. वेळ काढून, नीट माहिती काढून लिहिणाऱ्याला कुणाचीच पोच मिळाली नाही, तर पुढच्या वेळी तो हात आखडता घेतो. जाणकार माणसं अशी एकेक करून गप्प झाली की ग्रुप नुसता नावाला उरतो. एवढ्यासाठी तरी बटण हवं.

आता तुमचा आणि आमचा सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक. कुणीतरी पोस्ट टाकतं, ‘वार्षिक कार्यक्रम पुढं ढकलू या.’ तिला भराभर अंगठे येतात. ॲडमिन ते मोजतात आणि ‘बहुमतानं ठरलं’ म्हणून जाहीर करतात. मग एक जण म्हणतो, मी फक्त वाचल्याची खूण केली होती. दुसरा म्हणतो, मी लाइक केलं तेव्हा पोस्टमधली तारीख वेगळी होती. तिसऱ्यानं आपलं लाइक केव्हाच काढून घेतलेलं असतं. त्यानंतर आमच्याकडे विचारणा येते: कुणी, कधी, काय दाबलं त्याची यादी द्या.

ही यादी आम्ही देऊ शकत नाही, कारण काढून घेतलेल्या लाइकची नोंद आम्ही ठेवतच नाही. ठेवली असती तरी तंटा मिटला नसता. एका अंगठ्यात पोच असते, आभार असतात, होकार असतो. कधी फक्त लिहिणाऱ्याविषयीची आपुलकी असते. फेसबुकचं ‘लाइक’ २००९ मध्ये आलं. दुःखद बातमीला ‘लाइक’ कसं करायचं ही अडचण लोक सांगत राहिले आणि २०१६ मध्ये दुःख, राग, आश्चर्य अशा वेगळ्या खुणा त्याच्या जोडीला आल्या.

अंगठ्याचा अर्थ काय, हा प्रश्न कोर्टातही गेलेला आहे. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीनं जवसाच्या कराराचा फोटो एका शेतकऱ्याला मेसेजवर पाठवला. त्यानं उत्तरादाखल अंगठा पाठवला. करार मिळाला एवढंच मी कळवलं, असं त्याचं म्हणणं होतं. कोर्टानं २०२३ मध्ये तो अंगठा सहीसारखा धरला आणि करारातलं जवस न दिल्याबद्दल शेतकऱ्याला ८२ हजार कॅनेडियन डॉलरहून जास्त भरपाई द्यावी लागली. त्या दोघांचे आधीचे व्यवहारही ‘ओके’सारख्या एका शब्दावर पार पडले होते, हे त्या निकालात महत्त्वाचं ठरलं. ॲडमिननी हे ध्यानात घ्यावं. एकदा अंगठे मोजून निर्णय घेतलात, की पुढच्या प्रत्येक अंगठ्याला लोक मत समजू लागतात.

निर्णयासाठी पोल लावा. आमच्या पोलमध्ये पहिलं मत पडलं की प्रश्नाचा मजकूर बदलता येत नाही, प्रत्येक सभासदाला एकच मत असतं आणि मुदत संपली की पोल आपोआप बंद होतो. हवं तर मतदान गुप्त ठेवता येतं. ही सोय सगळ्या योजनांमध्ये आहे, तिचे वेगळे पैसे नाहीत. तरीही बरेच ग्राहक ती उघडून बघत नाहीत, याची खंत वाटते.

नव्या पोस्टवरचा लाइकचा आकडा पहिला दिवसभर का दिसत नाही, असंही विचारलं जातं. तो आम्ही मुद्दाम झाकतो. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१३ मध्ये एका प्रयोगाचे निष्कर्ष आले होते. बातम्यांवर चर्चा चालणाऱ्या एका संकेतस्थळावर, नुकत्याच आलेल्या काही प्रतिक्रियांना संशोधकांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसं, मजकूर न पाहता, एकेक पसंती देऊन ठेवली. त्या प्रतिक्रियांचे अंतिम गुण सरासरी २५ टक्क्यांनी वाढले. आकडा आधी दिसला की वाचणारा त्याच्या मागं जातो. त्याच कारणानं ‘सर्वाधिक लाइक आधी’ हा क्रम आम्ही बंद ठेवून देतो. प्रश्नोत्तरांच्या विभागात मात्र तो उपयोगी पडतो. तिथं सांगाल तर चालू करून देऊ.

नापसंतीचं बटण आम्ही देत नाही. ज्याला पटलं नाही त्यानं काय पटलं नाही ते लिहावं. एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांत उलटा अंगठा फार दिवस सलत राहतो. यूट्यूबनंही २०२१ मध्ये नापसंतीचे आकडे प्रेक्षकांना दाखवणं थांबवलं.

तुमच्याकडे अंगठे मोजून निर्णय घेण्याची सवय आधीच पडली असेल, तर जुनी लाइक पुसायला जाऊ नका. त्यानं संशय वाढतो. ‘यापुढे निर्णय फक्त पोलवर’ अशी सूचना ग्रुपमध्ये सगळ्यांत वर पिन करा. पहिल्या पोलचा मजकूर लावण्याआधी आम्हाला पाठवलात तर तपासून देऊ. कार्यकारिणी बदलली की नव्या ॲडमिनची नावं तेवढी कळवा. त्यांना सगळ्या सेटिंग आम्ही फोनवर समजावून सांगतो.