‘मास्कने जमलं नाही तर नळीच’: हा समज जुना झाला

जन्मल्यावर बाळ रडलं नाही, की आधी तोंडा-नाकावर बसणारा फेस मास्क आणि हाताने दाबून हवा देणारी अंबू बॅग. त्याने भागलं नाही तर घशातून थेट श्वासनलिकेत नळी. मधला पर्याय नाहीच, आणि लॅरिंजियल मास्क (तोंडातून घशात बसवून हवा देणारा छोटा मास्क) हे मोठ्यांच्या ऑपरेशनचं, भूलतज्ज्ञाचं साधन, असं अजूनही ऐकू येतं. ते चूक आहे.

अडतं कुठे ते बघा. ओल्या, निसरड्या गालावर मास्क नीट बसत नाही. बॅग दाबली की हवा कडेने फुस्स करून निघून जाते आणि छाती हलत नाही. नळी घालायला तर रोजचा सराव असलेला हात लागतो, आणि रात्री दोनला तो हजर असेलच असं नाही. लॅरिंजियल मास्क टाळूला धरून सरकवला की स्वरयंत्राच्या तोंडावर बसतो. लॅरिंगोस्कोप, म्हणजे घशात बघायचं दिव्याचं उपकरण, लागत नाही. आय-जेल या त्याच्या एका प्रकारात तर हवेने फुगवायची कडा (कफ) सुद्धा नसते. त्याचा सर्वांत छोटा आकार 2 ते 5 किलोच्या बाळांसाठी आहे.

युगांडात कंपालाच्या मुलागो रुग्णालयात अकराशेहून जास्त बाळांवर आय-जेलची चाचणी झाली. निष्कर्ष 2020 मध्ये आले. साधन सुरक्षित ठरलं. मृत्यू किंवा मेंदूची इजा मात्र फेस मास्कपेक्षा कमी झाली नाही, हेही सांगायलाच हवं. तरी 2023 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने गर्भाचे 34 आठवडे किंवा त्याहून जास्त भरलेल्या बाळांना सुरुवातीपासूनच हे वापरता येईल, असं म्हटलं.

फार लहान अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ते बसत नाही; तिथे नळीचं काम नळीच करते. बाकी प्रसूतिगृहांनी ते ट्रेमध्ये ठेवावं आणि परिचारिकांचा हात सरावाच्या बाहुलीवर बसवून घ्यावा. कपाटात कुलूपबंद ठेवून काय उपयोग?