जुना सीआरओ घेताना

मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे प्रोग्रॅम चालवणाऱ्या छोट्या चिपवर, रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) जोडला की काही सर्किटे अधूनमधून आपोआप रीसेट होतात. मल्टीमीटर लावला तर सप्लाय 5 व्होल्टच दाखवतो. मीटर खोटे बोलत नाही, पण तो सेकंदात दोन-चार वेळाच मोजतो आणि सरासरी सांगतो. रिलेची कॉइल चालू होताना व्होल्टेज क्षणभर खाली जाऊन परत येते, ते त्याच्या हाती लागत नाही. ते पाहायला ऑसिलोस्कोपच हवा, म्हणजे व्होल्टेज वेळेनुसार कसे बदलते ते पडद्यावर रेघेने दाखवणारे यंत्र. नव्या, बऱ्यापैकी डिजिटल स्कोपला वीस-पंचवीस हजार मोजावे लागतात. म्हणून छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्यांची नजर जुन्या मालाकडे वळते, आणि माझ्या मते ती योग्य ठिकाणीच वळते.

आपल्याकडे हा जुना माल मुख्यतः इंजिनिअरिंग कॉलेज, पॉलिटेक्निक आणि आयटीआयच्या प्रयोगशाळांतून येतो. डेडस्टॉक रजिस्टरमधून निर्लेखित झालेले सीआरओ, म्हणजे काचेच्या ट्यूबचा पडदा असलेले जुने ऑसिलोस्कोप, लिलावात जातात, तिथून भंगारवाल्याकडे किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात. त्यांत ठाण्याच्या अ‍ॅपलॅबचे आणि इंदूरच्या सायंटिफिकचे सीआरओ बरेच दिसतात. दोन चॅनेल, 20 किंवा 30 मेगाहर्ट्झ, हिरवा पडदा. विद्यार्थ्यांच्या हातांनी नॉब झिजलेले असतात, पण आतली रचना साधी आणि दुरुस्त करता येण्याजोगी असते.

20 मेगाहर्ट्झ ही स्कोपची बँडविड्थ, म्हणजे तो दाखवू शकणाऱ्या फ्रिक्वेन्सीची मर्यादा. तिचा अर्थ आधी नीट समजून घ्यावा. त्या फ्रिक्वेन्सीचा साइन तरंग पडद्यावर खऱ्या उंचीच्या सुमारे 70 टक्केच दिसतो. चौकोनी तरंगाच्या बाबतीत तर अडचण आणखी वाढते, कारण त्याच्या ताठ कडा मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिप्पट, पाचपट, सातपट अशा तरंगांनी घडलेल्या असतात. 0.35 ला बँडविड्थने भागले की स्कोपला दिसणारी सर्वात जलद चढण मिळते. 20 मेगाहर्ट्झला ती साडेसतरा नॅनोसेकंद. आर्डुइनो या लोकप्रिय मायक्रोकंट्रोलर बोर्डाचा 16 मेगाहर्ट्झचा क्लॉक अशा स्कोपवर जवळजवळ साइनसारखा गोल दिसेल. पण ऑडिओ 20 किलोहर्ट्झला संपतो, चिपांना आपसांत जोडणारी आय-टू-सी बहुधा 100 किंवा 400 किलोहर्ट्झवर चालते, आणि सेकंदाला 9600 बिट पाठवणाऱ्या सीरियल पोर्टवर एक बिट तब्बल 104 मायक्रोसेकंद टिकतो. घरच्या टेबलावरच्या बहुतेक कामांना 20 मेगाहर्ट्झ पुरतात. मेगाहर्ट्झच्या आकड्यामागे धावून बिघडलेला 100 मेगाहर्ट्झचा स्कोप आणण्यापेक्षा धडधाकट 20 चा आणावा.

आता तपासणी, कारण खरा व्यवहार तिथेच ठरतो. सोबत स्वतःचा चांगला प्रोब, म्हणजे सर्किटला टेकवायची टोकदार वायर, न्या. स्कोप निदान वीस मिनिटे चालू ठेवायला सांगा. काही दोष गरम झाल्यावरच बाहेर येतात, ट्रेस, म्हणजे पडद्यावरची रेघ, हळूहळू वर किंवा खाली सरकू लागतो. ट्रेस बारीक आणि एकसारखा हवा. ब्राइटनेस पूर्ण वाढवूनही तो मंदच राहिला तर ट्यूब थकली आहे, आणि तिचा बदली भाग आता मिळत नाही. प्रोबच्या टोकाला नुसते बोट लावा. घरातल्या वायरिंगची 50 हर्ट्झची लहर लगेच दिसेल. एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचे, म्हणजे एका घराला 5 मिलिसेकंद या रेंजवर ते पडद्यावरच्या चौकटीतली बरोबर चार घरे व्यापायला हवे.

पुढची पायरी सर्वात बोलकी आहे. स्कोपच्या पुढच्या बाजूला ‘कॅल’ लिहिलेले टर्मिनल असते, त्यातून साधारण 1 किलोहर्ट्झचा चौकोनी तरंग निघतो. प्रोबवरचा स्विच दहापटीवर (10X) ठेवून तो तिथे लावा. अशा प्रोबमध्ये 9 मेगओहमचा रेझिस्टर असतो आणि स्कोपची इनपुट 1 मेगओहमची, म्हणून सिग्नलचा एक दशांश आत जातो. पण दोन्हींना थोडी कॅपॅसिटन्सही असते, आणि तिचे प्रमाण जुळले नाही तर जलद भाग आणि संथ भाग वेगवेगळ्या प्रमाणात विभागले जातात. कोपरे गोल झाले तर जलद भाग कमी पडतो आहे, कोपऱ्यावर शिंग आले तर तो जास्त येतो आहे. प्रोबवरचा छोटा स्क्रू फिरवून माथा सपाट करा.

मग प्रोबला हात न लावता व्होल्ट-प्रति-घराचा नॉब एकेक रेंज फिरवा. बहुतेक सीआरओंमध्ये वेगवेगळ्या रेंजसाठी सिग्नल कमी करणारे वेगळे अटेन्युएटर आणि ते जुळवण्याचे वेगळे स्क्रू, म्हणजे ट्रिमर, असतात. एका रेंजवर माथा सपाट आणि शेजारच्या रेंजवर कोपरे बिघडलेले, असे दिसले तर आतला तो ट्रिमर सरकला आहे किंवा इनपुटला कधीतरी जास्त व्होल्टेज बसले आहे. नॉब फिरवताना ट्रेस उड्या मारत असेल तर मात्र घाबरू नका. तो स्विचच्या संपर्कांवरचा मळ असतो, कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुधा जातो. विक्रेत्याला मात्र भाव कमी करायला जरूर सांगा. कॅलची फ्रिक्वेन्सी बऱ्याच जुन्या सीआरओंत ढोबळच असते, म्हणून वेळेची अचूकता त्यावर जोखू नका. आर्डुइनोमधून काढलेला 1 किलोहर्ट्झ त्यापेक्षा भरवशाचा.

ट्रिगरकडे, म्हणजे प्रत्येक वेळी तरंगाच्या त्याच जागेपासून रेघ सुरू करून चित्र स्थिर ठेवणाऱ्या भागाकडे, बहुतेक जण लक्षच देत नाहीत. लेव्हलचा नॉब फिरवला की तरंगाची सुरुवात चढणीवर वर-खाली सरकायला हवी, आणि स्लोप बदलला की सुरुवात उतारावर जायला हवी. चित्र काही केल्या स्थिर होत नसेल तर तो स्कोप सोडून द्या.

सीआरओची एक मर्यादा खरी आहे: एकदाच घडून गेलेली गोष्ट तो धरून ठेवत नाही. पण रिलेचा तो क्षणिक खड्डा पाहायचा असेल तर प्रोग्रॅम लिहून रिले सेकंदातून दहा वेळा चालू-बंद करा, रिले चालवणारा सिग्नल स्कोपच्या एक्स्टर्नल ट्रिगर या वेगळ्या इनपुटला द्या आणि खोलीतला दिवा मालवा. प्रत्येक वेळी खड्डा त्याच जागी उमटतो आणि लुकलुकत का होईना, स्पष्ट दिसतो. सप्लायला कॅपॅसिटर जोडल्यावर तो भरून येताना पाहणे हा शिकण्याचा फार सुंदर क्षण आहे.

डिजिटल जुना माल घ्यावा का? टेक्ट्रॉनिक्सचा 1997 सालचा टीडीएस 210 सुस्थितीत मिळाला तर अवश्य घ्या. 60 मेगाहर्ट्झ आणि सेकंदाला एक अब्ज नमुने ही आजही कामाची चीज आहे. त्याआधीच्या टीडीएस 400 आणि 500 मालिकांतल्या कॅपॅसिटरमधले रसायन गळून बोर्ड खाते, तो धोका नवशिक्याने पत्करू नये. डीएसओ 138 सारखे खिशात मावणारे किट स्वस्त खरे, पण त्याची बँडविड्थ 200 किलोहर्ट्झ आहे. आय-टू-सीसुद्धा त्यावर नीट दिसत नाही.

सुरक्षिततेचे दोन मुद्दे. झाकण उघडणार असाल तर ट्यूबला सुमारे 2000 व्होल्ट लागतात आणि स्कोप बंद केल्यावरही काही काळ आत चार्ज राहतो, हे ध्यानात ठेवा. दुसरे, प्लगची तिसरी पिन तपासा. कुणीतरी अर्थिंग काढून टाकलेले असेल तर आधी ते जोडून घ्या. प्रोबची क्लिप स्कोपच्या धातूच्या पेटीला आणि तिथून अर्थला जोडलेली असते. ती मोबाइल चार्जरच्या किंवा एलईडी ड्रायव्हरच्या मेन्सकडच्या बाजूला लावली तर शॉर्ट होतो, ठिणगी उडते. त्यावर उपाय म्हणून काही जण स्कोपचे अर्थिंग तोडतात. मग पूर्ण पेटीवर 325 व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो आणि नॉब फिरवणारा हात त्याच पेटीवर असतो. असे सर्किट पाहणे भागच असेल तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे मेन्सशी थेट जोडणी तोडणारा ट्रान्सफॉर्मर, त्या सर्किटला लावा, स्कोपला नव्हे.