पाणी फिरवलं म्हणून सीपीयू खोलीपेक्षा गार होत नाही

कूलरची मोटर आणि नळी लावून डेस्कटॉपमध्ये पाणी फिरवलं की मे महिन्यातही सीपीयू (कॉम्प्युटरची मुख्य चिप) खोलीपेक्षा गार राहतो, असं विदर्भात ऐकू येतं. हे चूक आहे. कूलर गारवा देतो, कारण आपल्या कोरड्या उन्हाळी हवेत खसावरच्या पाण्याची वाफ होते आणि ती उष्णता घेऊन जाते. कॉम्प्युटरमधलं पाणी बंद नळीत फिरतं, त्याची वाफ होत नाही. ते फक्त सीपीयूची उष्णता रेडिएटरपर्यंत, म्हणजे ती खोलीच्या हवेत सोडणाऱ्या जाळीपर्यंत, वाहून नेतं. खोलीत ४५ अंश असतील, तर पाणीही ४५ च्या वरच राहणार. म्हणून पैसा मोठ्या रेडिएटरवर घाला. बर्फ मुळीच नको: पावसाळ्यात नळीवर दव धरून मदरबोर्डवर ठिबकतं. विहिरीचं पाणीही नको, क्षारांनी ब्लॉकच्या (सीपीयूवर बसवलेल्या, आतून पाणी जाणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) बारीक खाचा बुजतात.