कंबरमोडीचा जुना पत्ता

सेमिनरी हिलच्या उतारावर सायकल शिकताना गुडघे सोलले नाहीत असा आमच्या पिढीचा नागपूरकर विरळा. तेव्हा आयोडिन आणायला घरी कुणी पळत नसे. कडेच्या कंबरमोडीची पाच-सात पानं खुडायची, तळहातावर चोळायची आणि हिरवा रस जखमेवर पिळायचा. झोंबायचं चांगलंच. शेजारची माय समजूत घालायची, "रडू नको बापा, जुन्या लोकाईचं औषध हाय थे."

जुन्या म्हणजे किती जुन्या, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही.

झाड सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पानं खरखरीत, कातरलेल्या कडांची. खोड जमिनीला धरून पसरतं आणि त्यातून वीतभर लांब, सरळ दांडी वर येते. तिच्या टोकाला एकच फूल, मधे पिवळं, भोवती बहुधा पाच फिकट पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीला तीन दात. दांडीमुळे ही एकदांडी. दगडधोंड्यांत उगवते म्हणून दगडी पाला, जखम सांधते म्हणून जखमजुडी. फुलामागे दांडीचा फास करून ओढला की फूल गोळीसारखं उडतं, म्हणून पोरांच्या लेखी ते बंदुकीचं फूल. आणि कंबर मोडल्यासारखं भुईवर लोळतं म्हणून कंबरमोडी.

हे शेवटचं नाव मला सगळ्यांत आवडतं, कारण तिचं शास्त्रीय नावही जवळजवळ तेच सांगतं: ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. प्रोकम्बेन्स म्हणजे भुईवर पडलेली. हे नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली छापलं आणि ठिकाण दिलं व्हेराक्रूझ. व्हेराक्रूझ हे मेक्सिकोचं बंदर. कंबरमोडीचं माहेर ते. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा उष्ण पट्टा.

म्हणजे चरक-सुश्रुतांनी ही वनस्पती पाहिलेली असणं शक्य नाही. सुश्रुताने जखमेवरच्या उपचारांचे तब्बल ६० प्रकार सांगितले आहेत. लेप आहेत, काढे आहेत, धुरी आहे. पण त्यात कंबरमोडी नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत मात्र ती बिनदिक्कत "आयुर्वेदातील प्राचीन वनस्पती" म्हणून येते, सोबत एखादं संस्कृत नावही चिकटवलेलं असतं.

बाहेरचं औषध घ्यायला जुन्या वैद्यांची ना नव्हती. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर उपदंश आला, तेव्हा भावमिश्राने आपल्या भावप्रकाशात त्याला सरळ "फिरंग रोग" म्हटलं. त्यावर चोपचीनी नावाची मुळी सांगितली आणि तिचं नाव ठेवलं "द्वीपांतर वचा", दुसऱ्या बेटावरची वेखंड. रोग परका, औषध परकं आणि दोन्हींचा पत्ता नावातच. गुजरातीत कंबरमोडीला आजही "परदेशी भांगरो" म्हणतात. भांगरा म्हणजे आपला माका. मराठीत तिला पाच-सहा नावं मिळाली, पण एकातही परदेश उरला नाही.

१८८१ साली इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ हुकरच्या ब्रिटिश भारताच्या वनस्पतिकोशात ती नोंदलेली सापडते, म्हणजे तोवर ती इथे रुळली होती. तिला घनदाट जंगल मानवत नाही. उकरलेली, उघडी पडलेली, मुरमाड जागा लागते. १८५४ मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झालं, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७७ च्या पहिल्या दिवशी एम्प्रेस मिल सुरू झाली. रस्ते, रुळांची खडी, भराव, गिरणीभोवतीच्या मोकळ्या जागा: तिला हवी तशी जमीन या शहराने भरपूर तयार केली. बियांना केसांचा झुबका असतो आणि उन्हाळ्यातल्या आपल्या वावटळींना काम हवंच असतं.

ती औषध कशी झाली, याबद्दल माझा अंदाज साधा आहे. जखमेवर हिरव्या पाल्याचा रस पिळायची रीत गावोगाव आधीपासून होती. जागा तयार होती, त्या जागेवर ही नवी येऊन बसली, कारण बाराही महिने आणि हाताच्या अंतरावर मिळणारी तीच होती. आणि उपयोग दिसला असणार, नाहीतर एवढ्या भाषांनी तिचं नाव जखमेवरून ठेवलं नसतं. तेलुगूत ती गायपाकू, म्हणजे जखमेचा पाला. तमिळमधलं नावही कापल्याच्या जखमेवरूनच आहे.

प्रयोगशाळेनेही तिला अगदी झिडकारलेलं नाही. पानांत टॅनिन आहेत, त्यांच्या तुरटपणाने बारीक रक्तस्राव आवळला जातो. भारतीय संशोधकांनी १९८० च्या दशकापासून उंदरांवर प्रयोग केले. स्टेरॉइडमुळे मंदावलेलं जखमेचं भरणं या रसाने सुधारतं, असं त्यांत दिसलं. माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांचं पाठबळ मात्र तिच्यामागे नाही. कावीळ, मधुमेह, केस गळणं अशी जी लांबलचक यादी तिच्या नावावर खपवली जाते, ती मी तरी बाजूला ठेवतो. आणि पाला मातीतून खुडलेला असतो, धनुर्वाताचे जंतू मातीतच राहतात, हे आमच्या गुडघ्यांच्या काळात कुणी सांगितलं नव्हतं. जखम खोल असेल तर आधी वाहत्या पाण्याखाली धरा आणि इंजेक्शन घ्या.

तिचंच एक भावकीतलं झाड १९५० च्या दशकात पुण्याकडे दिसलं आणि पुढे देशभर पसरलं: गाजरगवत. कूळ तेच, माहेरही अमेरिकेतलंच. त्याच्या वाट्याला शिव्या आल्या, काँग्रेस गवत हे राजकीय नाव आलं, उपटायच्या मोहिमा आल्या. त्याने अंगाला खाज सुटते, दमा बळावतो, तेव्हा शिव्या वाजवीच आहेत. पण त्याला परदेशी म्हणताना आपण अडखळत नाही आणि कंबरमोडीला आजीच्या बटव्यात घालताना जरा विचार करत नाही, याची गंमत वाटते.

या विसराळूपणाचा त्रास होतो तो माक्याच्या बाबतीत. केसांच्या तेलासाठी ग्रंथांनी सांगितलेला भृंगराज म्हणजे माका. त्याच्या जागी कंबरमोडी सर्रास खपते, कधी अजाणता, कधी जाणूनबुजून. ओळखायला अवघड नाही. माका ओल धरून असतो: तलावाचा काठ, पाटाची कड, धानाचे बांध. त्याचं फूल अख्खं पांढरं, लहान, आखूड देठाचं. पान चोळलं की बोटं थोड्या वेळाने काळी पडतात. कंबरमोडीने बोटं काळी होत नाहीत. ती अंबाझरी तलावाच्या पाण्यापाशी कमी आणि वरच्या कोरड्या मुरमावर जास्त दिसेल, सकाळच्या उन्हात लहानसहान फुलपाखरं अंगावर बसवून घेत.