हरवलेले आजोबा कुणाला दिसले: प्रत्यक्ष टिपलेलं आणि फोटोवरून आठवलेलं

समजा, गेवराई तालुक्यातले सत्तरीचे आजोबा घरातून निघाले आणि परतलेच नाहीत. पोलिस ठाण्यात मिसिंग दाखल झाली, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. दोन माणसं पुढं आली. माजलगावच्या स्टँडवरचा चहावाला म्हणतो, "हेच होते. पांढरा सदरा, धोतर, टोपी, हातात काठी. शंभर टक्के." एसटीचा कंडक्टर म्हणतो, "नक्की सांगता येणार नाही. पण एका बाबांनी सुट्टे पैसे मोजून दिले, त्यांच्या डाव्या करंगळीचं पेर तुटलेलं होतं."

घरचे चहावाल्याकडे धावतात. साहजिक आहे, एवढ्या घोरात ठाम बोलणाऱ्याचाच आधार वाटतो. मी मात्र आधी कंडक्टरला गाठेन. चहावाल्यानं सांगितलेलं सगळं फोटोत आहे, आणि बाजाराच्या दिवशी मराठवाड्यातल्या कुठल्याही स्टँडवर या पेहरावाचे बाबा ओळीनं बसलेले असतात. आजोबांच्या डाव्या करंगळीचं पेर कडबाकुट्टीत, म्हणजे चारा कापायच्या यंत्रात, गेलेलं आहे; ते ना फोटोत दिसतं, ना मेसेजमध्ये लिहिलंय. ते हात बघितल्याशिवाय कळत नाही.

म्हणून चहावाला खोटा ठरत नाही. त्यानं कुणीतरी बाबा पाहिले असतील, चेहरा पुसट झाला असेल आणि मोबाइलवरचा फोटो बघताच त्या जागी हा चेहरा बसला असेल. त्याला स्वतःलाही हे कळत नाही. 1974 साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या धडकल्या तेव्हा वेग किती होता. काहींना त्याहून जोरकस, चुराडा सुचवणारा शब्द वापरून तेच विचारलं. आठवड्यानं फुटलेल्या काचेबद्दल विचारलं, तर दुसऱ्या गटातल्या जास्त लोकांना काच दिसल्याचं आठवलं. फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच. "टोपी होती ना हो काका?" असं रडवेल्या मुलानं विचारलं, की इथंही हेच होतं.

खात्रीचंही नीट बघायला हवं. पहिल्यांदा सांगताना, कुणी मान डोलवायच्या आत, माणूस किती ठाम होता याला वजन आहे. पाच नातेवाइकांना आणि दोन पत्रकारांना सांगून झाल्यावर आलेल्या ठामपणाला फारसं नाही. अमेरिकेत डीएनए चाचणीमुळे निर्दोष सुटलेल्या कैद्यांची प्रकरणं तपासली, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश प्रकरणांत साक्षीदारांनी चुकीचा माणूस ओळखला होता. त्यातले बरेच जण कोर्टात अगदी ठाम होते.

ओळखीच्या माणसाचं थोडं वेगळं. दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला टोळ्या जातात. त्यातला गावचाच कुणी सांगलीकडून फोन करून म्हणाला, "आपले अण्णा दिसले," तर त्याला फोटोची गरज नसते. चाल, आवाज, खाकरणं त्याला ठाऊक असतं. तरी एवढं विचाराच: समोरून की पाठमोरे, किती लांबून, बोलणं झालं का?

दहा जणांना दिसले म्हणून दहा पुरावे होत नाहीत. सगळे एकाच ग्रुपमधले असतील तर ते एकाच फोटोचे पडसाद असू शकतात. आणि सकाळी दहाला माजलगावात दिसलेला माणूस साडेदहाला नांदेडला पोचत नाही.

मेसेज लिहिताना म्हणूनच शरीरावरची एखादी खूण मुद्दाम मागं ठेवा, पोलिसांना मात्र ती सांगा. फोन आला की फोटो पाठवायच्या आधी "काय बघितलं ते सांगा" एवढंच विचारा आणि त्याचेच शब्द, तारीख, वेळ वहीत उतरवा. फोटो आधीच पाहिला असेल तर तेही लिहा. कंडक्टरच्या गाडीचा मार्ग आणि तिकिटाची वेळ घेऊन त्याच दिवशी ठाण्यात जा, स्टँडवरचं सीसीटीव्ही चित्रण राखून ठेवायला सांगा. त्यावर काही दिवसांत नवं चित्रण चढतं. चहावाल्याची नोंदही खोडू नका. त्याच वेळेची, त्याच स्टँडवरची खबर दुसऱ्या कुणी आपणहून दिली, तर ती पुन्हा काढावी लागेल.