ऑनलाइन व्हिडिओंतून अर्थार्जन

इंटरनेटवर नियमितपणे व्हिडिओ प्रसिद्ध करून प्रेक्षकवर्ग जमवणे आणि त्याच्या आधारावर उत्पन्न मिळवणे, असा हा व्यवसाय आहे. २००५ मध्ये सुरू झालेले यूट्यूब पुढच्याच वर्षी गूगलने १.६५ अब्ज डॉलरना विकत घेतले. २००७ मध्ये तिथे भागीदारी योजना आली, जाहिरातींच्या उत्पन्नातला वाटा निवडक निर्मात्यांना मिळू लागला आणि हौसेला हिशेबाची जोड मिळाली.

सुरुवातीच्या काळात व्हिडिओ पुढे येणे मुख्यतः व्ह्यूजवर ठरे. त्यामुळे भडक थंबनेल, म्हणजे व्हिडिओवर क्लिक करण्याआधी दिसणारे चित्र, लावायचे, लोकांनी क्लिक करायचे आणि आत काहीच नसायचे, हा प्रकार बोकाळला. २०१२ मध्ये यूट्यूबने व्ह्यूजऐवजी ‘वॉच टाइम’ला, म्हणजे व्हिडिओ प्रत्यक्ष किती वेळ पाहिला गेला याला, महत्त्व दिले. फसवणूक काहीशी आटोक्यात आली, पण व्हिडिओ लांबू लागले. मधल्या जाहिरातींसाठी लागणारी किमान लांबी २०२० मध्ये दहा मिनिटांवरून आठ मिनिटांवर आली. चार मिनिटांचा विषय आठ मिनिटांपर्यंत ताणला जातो, त्यामागे हे एक कारण आहे.

भागीदारीच्या अटी वेळोवेळी बदलल्या. अतिरेकी मजकुराशेजारी आपल्या जाहिराती दिसतात म्हणून २०१७ मध्ये अनेक मोठ्या जाहिरातदारांनी हात आखडता घेतला. त्यानंतर २०१८ पासून एक हजार सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तासांचा वॉच टाइम ही अट आली. त्याचा फटका मुख्यतः छोट्या चॅनेलना बसला. अटी पूर्ण करूनही प्रत्येक व्हिडिओला पूर्ण जाहिराती मिळतीलच असे नाही. हिंसा किंवा वादग्रस्त विषय असल्यास निर्मात्याला त्या व्हिडिओशेजारी ‘पिवळा डॉलर’, म्हणजे जाहिराती मर्यादित केल्याची खूण, दिसतो आणि कमाई घटते.

लांब व्हिडिओंवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नापैकी ५५ टक्के निर्मात्याला मिळतात. शॉर्ट्सच्या, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंच्या, जाहिरातींचे पैसे २०२३ पासून वाटले जातात. ते एकत्र जमा होतात, त्यातून संगीताचा खर्च वजा होतो आणि निर्मात्याच्या वाट्याच्या रकमेतले ४५ टक्के त्याच्या हाती येतात. लाखो व्ह्यूज मिळवणाऱ्या शॉर्ट्सची कमाई अनेकदा किरकोळ असते, त्यामागे हेही एक कारण आहे.

व्ह्यूज सारखे असले तरी रक्कम सारखी नसते. हजार जाहिरातदर्शनांमागे जाहिरातदार देतो तो सीपीएम आणि हजार व्ह्यूजमागे निर्मात्याच्या पदरी पडतो तो आरपीएम. नवखे निर्माते पहिलाच आकडा धरून स्वप्ने रंगवतात. गुंतवणुकीवरच्या व्हिडिओला विनोदी व्हिडिओपेक्षा सहसा जास्त दर मिळतो. प्रेक्षक कोणत्या देशातला आहे, यानेही मोठा फरक पडतो. वर्षअखेरीस चढलेले दर जानेवारीत कोसळतात. पार्श्वसंगीत दुसऱ्याचे असेल, तर ‘कंटेंट आयडी’ या कॉपीराइट ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेतून आलेल्या दाव्यामुळे सगळे उत्पन्न हक्कधारकाकडे जाऊ शकते.

सबस्क्रायबरच्या आकड्याला बाहेर मान असला, तरी सबस्क्राइब केलेल्याला प्रत्येक नवा व्हिडिओ दाखवला जाईलच असे नाही. बरेच प्रेक्षक होमपेज आणि शिफारशींतून येतात. तिथे निर्माता प्लॅटफॉर्मच्या मर्जीवर असतो. म्हणून जाणते निर्माते प्रायोजक, सशुल्क सदस्यत्व, अभ्यासक्रम, वस्तूंची विक्री असे इतर मार्ग लवकर उघडतात आणि प्रेक्षकांचे ईमेल पत्ते त्यांच्या संमतीने स्वतःकडे जमवतात. नेमक्या विषयाच्या छोट्या चॅनेलला एका प्रायोजकाकडून महिन्याच्या जाहिरातींपेक्षा जास्त पैसे मिळणे ही या व्यवसायातली नेहमीची गोष्ट आहे.