पळी तापली की आमटी?

मे महिन्यातल्या दुपारी नागपूरहून भाच्याचा फोन आला. मागे इतका घोंघाट की मला वाटलं पोरगं मिक्सरशेजारी उभं राहून बोलतंय.

"मामा, गेम खेळताना कॉम्प्युटर नव्वद डिग्री दाखवून राहिला! पंखे फुल केले तरी उतरत नाही. जळून जाईल का?"

"कूलर कोणता आहे?" मी विचारलं.

उत्तर ताईने दिलं. तिने फोन ओढून घेतला होता. "कूलर सकाळपासून चालूच आहे रे. दोनदा टाकी भरली मी."

नागपुरात उन्हाळ्यात कूलर म्हटलं की एकच: खिडकीत बसवलेला, गवताच्या ताट्यांचा, पाण्याचा. मी विचारत होतो तो संगणकाच्या प्रोसेसरच्या, म्हणजे सगळी आकडेमोड करणाऱ्या मुख्य चिपच्या डोक्यावर बसणारा, ॲल्युमिनियमच्या पात्यांचा. ताईचा गैरसमज आहे तसाच राहू द्या. तिचा कूलरही पुढे कामाला येणार आहे.

भाच्याला मी पुढचा प्रश्न विचारला, "वॅट किती दाखवतोय?" यावर शांतता. एचडब्ल्यूइन्फो या संगणकाचे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या खिडकीत डिग्रीच्या ओळीपासून थोडं खाली वॅटची ओळ असते. तिकडे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. बहुतेक कोणीच पाहत नाही. आपल्या बोलण्यात 'गरम झालंय' हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो, त्यामुळे तापमान आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे शाळेतल्या विज्ञानाच्या पेपरनंतर कोणाच्या लक्षात राहत नाही. गेमिंगच्या संगणकातली निम्मी डोकेदुखी या दोघांच्या गल्लतीतून येते.

फोडणीची पळी डोळ्यांपुढे आणा. लोखंडाची लहानशी पळी गॅसवर धरली की मिनिटभरात मोहरी तडतडते. तेल दीडशे डिग्रीच्या वर गेलेलं असतं. तीच पळी आमटीच्या पातेल्यात बुडवा. चर्र होतं, घरभर वास सुटतो, पण आमटी काही त्यामुळे जास्त गरम होत नाही. पळीचं तापमान भयंकर होतं, तिच्यात उष्णता मात्र चिमूटभर होती. पातेलंभर आमटी ऐंशी डिग्रीचीच असेल, पण ती अंगावर सांडली तर दवाखाना गाठावा लागेल. डिग्री सांगते की एखादी जागा किती तापली. वॅट सांगतो की दर सेकंदाला किती उष्णता बाहेर पडते आहे. प्रोसेसर जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर येते, म्हणून त्याच्या बाबतीत विजेचे वॅट आणि उष्णतेचे वॅट एकच.

आता भाच्याचा प्रोसेसर. एएमडी कंपनीचा रायझन ७ ५८००एक्स, २०२० सालच्या शेवटी आलेला, आठ कोअरचा, म्हणजे एकाच वेळी काम करणाऱ्या आठ मेंदूंचा. तापतो म्हणून तो तेव्हापासूनच बदनाम आहे. त्याचाच मोठा भाऊ रायझन ९ ५९००एक्स बारा कोअरचा. दोघांवर कागदोपत्री १०५ वॅट लिहिलेलं असतं आणि दोघांनाही मदरबोर्डवरच्या (सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य पाटीवरच्या) सॉकेटमधून जास्तीत जास्त १४२ वॅट घेण्याची मुभा असते. उष्णतेची वरची मर्यादा दोघांची सारखीच. तरी एकाच कूलरखाली पूर्ण ताण दिला तर लहान भाऊ जास्त डिग्री दाखवतो.

याचं कारण जागेत आहे. ५८००एक्सचे आठही कोअर सिलिकॉनच्या एकाच चकतीवर आहेत आणि ती चकती सुमारे ८० चौरस मिलिमीटरची, म्हणजे करंगळीच्या नखाएवढी. ५९००एक्समध्ये तेवढ्याच आकाराच्या दोन चकत्या असतात, प्रत्येकीवर सहा कोअर, त्यामुळे भार वाटला जातो. नखाएवढ्या जागेतून १२० वॅट बाहेर पडतात तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला दीडशे वॅट होतात. घरातली हजार वॅटची इस्त्री घ्या. तिचा तळ साधारण २०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे चौरस सेंटिमीटरला पाच वॅट. इस्त्रीच्या तीसपट दाटीने उष्णता त्या नखातून बाहेर पडत असते. तिथला पारा चढणारच. पण संपूर्ण उष्णता मोजली तर ती इस्त्रीच्या आठव्या हिश्श्याइतकीच.

मग पंखा फुल करून पारा का उतरत नाही? उष्णतेला चकतीपासून हवेपर्यंत बराच प्रवास करावा लागतो. आधी वरचं धातूचं झाकण, मग उष्णता पुढे नेणाऱ्या पेस्टचा थर, कूलरचा तळ, तांब्याच्या नळ्या, पाती आणि सगळ्यात शेवटी हवा. पंख्याची सत्ता चालते ती फक्त शेवटच्या टप्प्यावर, पात्यांकडून हवेकडे. नखातून झाकणात येतानाच जी गर्दी होते, तिच्याशी पंख्याचा काही संबंध नाही. दादर स्टेशनचा जिना अरुंद असेल तर बाहेर टॅक्सी कितीही उभ्या करा, प्लॅटफॉर्मवरची गर्दी कमी होत नाही. ५८००एक्ससारख्या दाटीच्या चिपमध्ये हा जिनाच अरुंद आहे.

भाच्याला मी आधी एवढंच सांगितलं की ९० ही या प्रोसेसरची ठरवून दिलेली कमाल आहे. तिथे पोहोचला की तो स्वतःच वेग आणि वॅट उतरवतो. जळत नाही. (ताई मागून म्हणाली, "मग माझं डोकं का जळतंय?" ते पंख्यांमुळे.)

तिचं डोकं दुखत होतं ते पंख्यांच्या मोठ्या आवाजापेक्षा त्याच्या चढउतारामुळे. भाचा नुसता ब्राउझर उघडायचा तरी पंखे भुर्र करून चढायचे आणि दोन सेकंदांत उतरायचे. दिवसभर हेच. एकसुरी आवाजाची कानाला सवय होते, छताचा पंखा कोणाला ऐकू येतो? वरखाली होणारा आवाज मात्र दर वेळी लक्ष वेधून घेतो.

इथेही दोष त्याच गल्लतीचा. ब्राउझर उघडताना एकदोन कोअर क्षणभर पूर्ण जोर लावतात. नखाएवढ्या चकतीत उष्णता साठवायला जागाच नाही, म्हणून आकडा ४५ वरून ६५ वर उडी मारतो. मदरबोर्ड तो आकडा बघतो आणि पंख्याला पळवतो. पण वॅटचा हिशेब करून पाहा. समजा सेकंदभर नेहमीपेक्षा ५० वॅट जास्त लागले. म्हणजे ५० ज्यूल. डोक्यावर बसलेल्या धातूच्या कूलरचं वजन सहाशे ग्रॅम धरलं, तर तो एका डिग्रीने तापायला साधारण पाचशे ज्यूल लागतात. म्हणजे त्या सेकंदात कूलर जेमतेम ०.१ डिग्रीने तापला. पंखा धावत आला तेव्हा पात्यांवर उचलून न्यायला काहीच नव्हतं. पळी चर्र झाली आणि सगळं घर आमटी उतू गेली म्हणून धावलं.

त्यामुळे पहिली दुरुस्ती बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊन पंख्याला थोडा आळशी करण्याची. बहुतेक मदरबोर्डांत पंख्याचा वेग वाढवण्याआधी किती सेकंद थांबायचं हे ठरवता येतं. ते पाचसहा सेकंद ठेवलं. मग पंख्याची चढण बदलली: ७० डिग्रीपर्यंत एकच मंद वेग, तिथून पुढे हळूहळू वर, आणि फुल वेग फक्त ८८ ला. कंपन्यांची मूळ चढण ४०-५० पासूनच सुरू होते, ती कोणाच्या सोयीची असते कोण जाणे.

दुसरी दुरुस्ती थेट वॅटला हात घालणारी. रायझनच्या बायॉसमध्ये इको मोड असतो. तो ६५ वॅटवर ठेवला की सॉकेटची मर्यादा १४२ वरून ८८ वॅटवर येते. भाचा कुरकुरला, कारण 'इको' शब्दच त्याला अपमानास्पद वाटला. पण गेममध्ये प्रोसेसर तसाही सगळे कोअर पिळत नाही. त्याचे १०० च्या आसपास असलेले वॅट ७५ वर आले, पारा ९० वरून ७७ वर, आणि सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या १४० चित्रांतली, म्हणजे फ्रेममधली, दोनतीन गेली. ती गेली हे त्याला आकड्यावरून कळलं, डोळ्यांनी नाही. व्हिडिओ एडिटिंग किंवा रेंडरिंग हाच ज्याचा धंदा असेल, त्याला मात्र मी हा सल्ला देणार नाही. तिथे सगळे कोअर तासन्‌तास चालतात आणि कापलेला प्रत्येक वॅट वेळेतून वसूल होतो.

कूलरचा पंखा मिनिटाला १९०० फेऱ्यांवरून ११५० वर आला. हवा त्याच प्रमाणात कमी झाली, पण आवाज त्या प्रमाणात चालत नाही, तो झपाट्याने पडतो. वेग २० टक्के उतरवला तर सुमारे ५ डेसिबल जातात, निम्मा केला तर १५. साधारण १० डेसिबल गेले की कानाला आवाज निम्मा वाटतो. म्हणून एका पंख्याला १५०० वर पळवण्यापेक्षा तसेच दोन पंखे ७५० वर फिरवलेले बरे. दुसऱ्या पंख्याचे ३ डेसिबल वाढतात, तरी १२ वाचतात आणि हवा जवळपास तेवढीच. मुद्दाम पंखे परत फुल करून पाहिले, तर ७७ चे ७३ झाले. चार डिग्रीसाठी दुप्पट आवाज. ताईने तिथेच निकाल दिला.

कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर बोटभर धूळ होती, तीही काढली. त्याबद्दल वेगळं लिहिण्यासारखं काही नाही.

आता खोलीकडे येतो, कारण खोलीला डिग्रीचं काहीच पडलेलं नसतं, तिला वॅट मोजून मिळतात. भाच्याचं ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०, ते एकटंच १७० वॅटचं. प्रोसेसर, मॉनिटर, बाकी किडूकमिडूक धरून आधी एकूण साडेतीनशे वॅट होत होते. प्रोसेसरवर पाण्याचा, म्हणजे रेडिएटरवाला कूलर बसवला असता तर आकडा कदाचित खाली दिसला असता, पण हे साडेतीनशे खोलीतच आले असते. रायझन ७००० मालिकेत तर गंमत आहे. ७९५०एक्सला पूर्ण ताण दिला की तो मुद्दाम ९५ डिग्रीपर्यंत जातो आणि तिथेच थांबतो, एएमडीने २०२२ मध्ये तो तसाच बनवला. त्याच्यावर भारी कूलर बसवला तर तो ९५ वर राहूनच जास्त वेग आणि जास्त वॅट घेतो, थेट २३० पर्यंत. म्हणजे कूलर जितका चांगला, तितकी खोली जास्त तापते.

आणि इथे ताईचा कूलर. गवताच्या ताट्यांतून पाणी वाफ होतं तेव्हा हवेतली उष्णता खातं. एक लिटर पाणी उडायला साधारण २४ लाख ज्यूल लागतात. साडेतीनशे वॅटचा संगणक तासभर चालला तर साडेबारा लाख ज्यूल. म्हणजे पोराच्या तासाभराच्या गेमपायी टाकीतलं अर्धा लिटर पाणी फक्त त्याच्यासाठी उडतं. खोलीची हवा ३४ डिग्री असली की प्रोसेसरची मोजणी ३४ पासून सुरू होते, ४० असली की ४० पासून. त्यामुळे ताईची टाकी भरणं भाच्याच्या पाऱ्याला थेट उपयोगी पडत होतंच. कूलरचा झोत कॅबिनेटवर मात्र धरू नका, ती हवा ओली असते.

हे सगळं फोनवर समजावून झाल्यावर ताई एवढंच म्हणाली, "म्हणजे टाकी आता त्यानेच भरायची."

आठवड्याने पुन्हा फोन. "मामा, पंखे एकदम शांत. पण आता आतून टीं टीं आवाज येऊन राहिला."

तो आवाज आधीपासूनच होता, घोंघाटाखाली दबलेला. ग्राफिक्स कार्डावरच्या वेटोळ्यांतून झपाट्याने वरखाली होणारा प्रवाह जातो, तेव्हा ती किंचित थरथरतात आणि बारीक शिट्टी वाजते. कॉइल व्हाइन म्हणतात त्याला. ना डिग्रीमुळे, ना पंख्यामुळे. मेनूच्या पडद्यावर कार्ड विनाकारण शेकडो फ्रेम काढतं तेव्हा तो सगळ्यात जोरात येतो.

"फ्रेमला मर्यादा घाल," मी म्हणालो, "मॉनिटर सेकंदाला १४४ फ्रेम दाखवणारा आहे ना? १४० लाव. आणि लावल्यावर वॅट किती झाले ते सांग."

या वेळी त्याला ती ओळ कुठे असते ते माहीत होतं.